भाऊ, वायर मी ओढली नव्हती

भाऊ, तुमची तेरवी होऊन चार दिवस झाले आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण जिवंतपणी तुम्ही भांडू दिलं नाही, मग मी भांडायचं तरी कधी? फोटोला हार घातला, उदबत्ती लावली, त्यात काही कसर ठेवली नाही. ते आटोपून दुकानातल्या तुमच्याच स्टुलावर बसले आहे. तुमची नक्षी काढायची वही समोर आहे, तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे.

सावली गावच्या चौकात लोक मला आधी ‘देवाजी मिस्त्रीकडची मशीनवाली बाई’ म्हणून ओळखायचे. पाच महिन्यांपासून ‘देवाजीची बोटं घालवणारी बाई’ म्हणून ओळखतात. आणि तुम्ही गेल्यापासून तर बोटंही बाजूला राहिली, तुमचा जीवच माझ्या नावावर लागला आहे. बोटं गेली म्हणून देवाजी खचला, खचला म्हणून छातीत कळ आली, कळ आली आणि गेला. बोटं कशानं गेली? वनितानं वायर ओढली म्हणून. इतकी सरळ गोष्ट आहे की कोणालाही पटावी. मी तिथे नसते तर मलाही पटली असती.

पण मी तिथे होते, भाऊ. आणि तुम्हीही होता.

तुमच्या मुलानं, प्रशांतनं, तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं की राउटर, म्हणजे आपली लाकडाचे काठ गोल करायची मशीन, तो भद्रावतीला घेऊन जाणार आणि तिकडे कोणाला तरी देऊन टाकणार. दुकान चालू राहील, बाहेरून मिस्त्री येईल, मी पूर्वीसारखा पॉलिश पेपर मारायचा. मशीनला हात लावायचा नाही. ‘घरात पुन्हा तसं काही नको,’ असं म्हणाला. तसं काही म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. नऊ वर्षांत जे शिकले ते एका खोट्या वाक्यानं हातातून जाणार, आणि ते वाक्य तुमचं. आज दुपारी त्याचा काय निकाल लागला ते सांगणारच आहे. पण तुम्हाला घाई कसली आहे आता, आधी बाकीचं ऐका.

मी तुमच्याकडे आले ती खरंच पॉलिश पेपर मारायला. आमचं घर मासोळीचं. सासर-माहेर दोन्हीकडे जाळं आणि डोंगा. उन्हाळ्यात तलावाचं पाणी खाली गेलं की हातांना काम नसायचं, म्हणून आले. तुम्ही एक दार दिलं घासायला. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवला आणि म्हणालात, “वनिता, तुह्या हाताले डोळे हायेत व.” एवढं चांगलं माझ्याबद्दल तोवर कोणी बोललं नव्हतं. नवरा तर मासोळीची तारीफ करतो, रांधणारीची नाही.

तिसऱ्या वर्षी तुम्ही माझ्या हातात रंधा दिला. चौकातल्या टपरीवर कोणीतरी दात काढले, बाईच्या हाती रंधा म्हणून. तुम्ही चहाचा कप खाली न ठेवताच बोललात, “रंध्याले मालूम हाय का बाप्पा, धरणारी बाई हाय का माणूस?” हे मी विसरलेले नाही. विसरणारही नाही. तुमच्यावर रागावते आहे म्हणून तुमचं देणं नाकारीन, इतकी मी कोती नाही. सागवान कुठे फाटेल, कोणत्या गाठीला जपायचं, ओल्या लाकडाचा वास कसा येतो, हे सगळं तुमचंच आहे. आलापल्लीकडच्या सागवानाची फळी हातात आली की तुम्ही ती आधी हुंगायचात. मीही हुंगते. लोक हसतात, हसोत.

मग दोन वर्षांपूर्वी राउटर आला. तयार दारं बाजारात आली होती, त्यांच्या काठांना गोलाई, नक्षी, आणि गिऱ्हाईक म्हणू लागलं की आम्हाला तसलंच पाहिजे. तुम्ही नागपूरला जाऊन ही एका मुठीत मावणारी मशीन घेऊन आलात. वर मोटर, खाली भिंगरीसारखं फिरणारं पातं, ज्याला आपण बिट म्हणतो. फळीच्या काठावरून चालवलं की काठ लोण्यासारखा गोल होत जातो. तुम्ही तिला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि चालू केली. आवाजानं टपरीवरचं कुत्रं पळून गेलं, आणि तुम्ही नातू झाल्यासारखे हसलात.

सोबतचं पुस्तक तुम्ही फेकणार होता. मी ठेवून घेतलं. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं, इंग्रजी अडखळत वाचते, पण चित्रं तर कोणालाही कळतात. त्यात जिथे तिथे लाल फुली मारलेली चित्रं होती, म्हणजे असं करू नका. मी ती एकेक पाहिली आणि तुमच्या डोक्याला ताप झाले. बिट बदलायची तर आधी पिन काढा. फक्त बटण बंद करून भागत नाही, बोर्डातून पिनच बाहेर पाहिजे. बिटची दांडी तळाला टेकलेली ठेवू नका, टेकली की केसभर वर घ्या, मग आवळा, नाहीतर ती नीट पकडली जात नाही. मशीन पूर्ण वेगात आल्याशिवाय लाकडाला लावू नका, आणि बिट थांबल्याशिवाय उचलू नका. एकाच दमात सगळं खोदायला जाऊ नका, थोडं थोडं करून दोन-तीन फेऱ्यांत घ्या. डोळ्यांवर चष्मा, नाकावर रुमाल.

मी स्वतः पदर घट्ट खोचायची आणि बांगड्या काढून खिळ्याला टांगायची. सवाष्णीनं भुंडे हात करून बसणं तुम्हाला बघवायचं नाही. “बांगड्या घाल व, लोक काय म्हणतीन?” मी म्हणायची, “लोकायले दोन हात हायेत भाऊ, माह्ये भी दोनच हायेत.” तुम्ही हसून सोडून द्यायचात. पिन काढायची सवय मात्र मी तुम्हाला लावली. बिटला हात लागायच्या आधी मी ओरडायची, “पिन भाऊ!” आणि तुम्ही शाळेतल्या पोरासारखे पिन काढायचात.

सगळं ऐकलंत. एकच ऐकलं नाही.

फळीभोवती मशीन कोणत्या बाजूनं फिरवायची, यावरून आपलं जे लागलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तुमची रीत होती, काहीही करायचं ते उजवं घालून. फळीला तेल लावायचं तरी प्रदक्षिणेच्या दिशेनं, पॉलिश तसंच, देवघर तयार झालं की त्याच्याभोवती एक फेरा घालायचा तोही देवळात घालतो तसा. तुमच्या बापाचं आणि आज्याचं तेच होतं. रंध्याला, ब्रशला त्यानं काही फरक पडत नाही. राउटरला पडतो. बिट वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. फळीच्या बाहेरच्या काठावर तुम्हीही काट्यासारखेच फिरलात, की बिट लाकडात दात रोवून मशीनला स्वतःच पुढे ओढून नेतं. उलट फिरलात, लाकूड डाव्या हाताला ठेवून, तर बिट तुमच्याविरुद्ध रेटतं, आणि म्हणूनच मशीन तुमच्या हातात राहते. पुस्तकात बाण तसाच होता.

तुम्ही मूल गावाला बिजागऱ्या आणायला गेला होता त्या दिवशी मी लाकडाचा एक तुकडा शिकंज्यात घट्ट आवळून दोन्ही बाजूंनी चालवून पाहिलं. दोन्ही हातांनी धरून, अगदी हलकं. आणि मला एका क्षणात कळलं, कारण मी वैनगंगेत वाढलेली आहे. डोंगा धारेच्या विरुद्ध वल्हवला की दमछाक होते, पण तो तुमचं ऐकतो. धारेसोबत सोडला की वाटतं काय मस्त चाललाय, आणि मग खडक दिसतो तेव्हा तो तुमचा राहिलेला नसतो. तुम्ही आल्यावर मी हेच सांगितलं. माझं चुकलं असेल तर एवढंच की चहाच्या आधी सांगितलं.

“मंग काय मी उलटी प्रदक्षिणा घालू?” तुम्ही म्हणालात.

“फळी हाय भाऊ, देव नाई.”

“लाकूड हाय. लाकडाचा देव होते, लाकडाचा पाळणा होते. उलटा फेरा मेल्यावर घालाचा असते, वनिता. मी जिता हावो.”

“म्हणूनच म्हणून राह्यली.”

तुम्ही रागावलात. मग दुसऱ्या दिवशी मुद्दाम आरशाची चौकट घेतलीत, तिच्या आतल्या काठावर मशीन उजवी फिरवलीत आणि ती गरीब गाईसारखी चालली. “पाह्य!” म्हणालात. मी पुस्तक उघडून दाखवलं की चौकटीच्या आत दिशा बदलते, आत लाकूड दुसऱ्या बाजूला येतं, आत तुमची रीत बरोबरच आहे. बाहेरून उलटी, आतून सुलटी. तुम्ही त्यातलं अर्धंच ऐकलंत, तुमच्या सोयीचं. तेव्हापासून मी फळ्या बाहेरून उलट्या करायची आणि तुम्ही तोंड फिरवून पटाशीला धार लावत बसायचात. तुमच्या हाती मशीन आली की मी वायर खांद्यावर घेऊन उभी राहायची आणि दात दाबून बघायची. लहान बिट, हलका हात, म्हणून तुमचं निभावत गेलं. “ओढते तर ओढू दे, मी धरतो ना,” असं तुम्ही म्हणायचात. हातात ताकद होतीच तुमच्या, त्यात वाद नाही.

त्या दिवशी बंगई होती. लग्नघरची, सागवानाची, चांगली लांब. घरात टांगली की तीन माणसं बसून झुलतील अशी. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं आणि तुम्हाला काठ जाड गोल पाहिजे होता. तुम्ही मोठं बिट लावलंत. पिन काढूनच लावलंत, तेवढं कबूल करते. मी म्हटलं, तीन फेऱ्यांत घ्या. तुम्ही म्हणालात, एका फेरीत होते. मी म्हटलं, शिकंजा लावा. तुम्ही म्हणालात, एवढी वजनदार फळी कुठी जाते? आणि डाव्या हातानं फळी दाबून धरलीत, उजव्या हातात मशीन घेतलीत, आणि उजवीकडून डावीकडे निघालात. मी तुमच्या उजव्या बाजूला, मागे, वायर खांद्यावर घेऊन. वायर इतकी ढिली होती की माझ्या पाठीवर तिचा झोळा लोंबत होता.

हातभर गेली असेल. मग ती तुमच्या हातून सुटली असं नाही, तिनंच तुमचा हात सोबत नेला. काठावरून उड्या मारत ती डावीकडे पळाली, जिथे तुमचा दुसरा हात होता. मी बोर्डाकडे धावले आणि पिन उपटली. आधी पिन, मग तुम्ही. लोक त्यावरही बोलले, की आधी माणूस बघावा की बोर्ड. ती बंद झाली नसती तर आणखी काय गेलं असतं ते त्यांना कोण सांगणार?

मी तुमचा हात माझ्या पदरात गुंडाळला. आवाज ऐकून टपरीवाला धावत आला, त्यानं विचारलं, “काय झालं मिस्त्री?” आणि तुम्ही, ओठ पांढरे पडलेले असताना, म्हणालात, “वायर ओढल्या गेली.”

मी तेव्हा काही बोलले नाही. दुखण्यात माणूस काहीही बोलतो, असं वाटलं मला. गडचिरोलीच्या दवाखान्यात तुम्हाला पाणी पाजताना वाटलं, आता सांगतील. तुम्ही भिंतीकडे बघत राहिलात. घरी आल्यावर वाटलं, चौकात जातील तेव्हा सांगतील. तुम्ही चौकात गेलात. मीही होते. कोणीतरी म्हणालं, “वनिता, वायर सांभाळत जाय व,” आणि सगळे हसले, आणि तुम्ही चहाच्या कपात बघितलं. माझा खरा राग त्या कपाचा आहे, भाऊ. पहिलं खोटं मी तुम्हाला केव्हाच माफ केलं होतं. कपात बघणं नाही केलं.

मला कळतं का नाही बोललात ते. चाळीस वर्षं मिस्त्रीकाम केलेला माणूस, त्याला एका मासोळी विकणाऱ्या घरच्या बाईनं दिशा सांगितली, त्यानं ऐकली नाही आणि बोटं गेली. हे तोंडून निघणं सोपं नाही. कळतं. पण कळलं म्हणून मी तुमची चूक माझ्या डोक्यावर घेऊन फिरू काय?

आणि त्यात तुम्ही आणखी एक केलंत, ज्यानं मला तुमच्यावर धड रागावताही येत नाही. दुकानात परत आल्यावर तुम्ही मशीन स्वतः उचलून माझ्या हातात दिलीत. एक शब्द बोलला नाहीत. वायर उचललीत आणि स्वतःच्या खांद्यावर घेतलीत. तेव्हापासून जाईपर्यंत तुम्ही माझ्यामागे वायर धरून उभे राहिलात, मोहर्लीच्या रिसॉर्टच्या सगळ्या टेबलांचे काठ मी तुमच्या डोळ्यांदेखत उलटे फिरून केले, आणि तुम्ही एकदाही तोंड फिरवलं नाही. मी वळले की वायर आधीच ढिली झालेली असायची. असं कोणी माझ्या कामाला जपलं नव्हतं. पण तेही दुकानाच्या आतच, भाऊ. शटरच्या बाहेर तुमच्या तोंडाला कुलूप.

माणसाला पोचवायला वैनगंगेच्या घाटावर बाया येत नाहीत. मी आले. टक लावून बघणाऱ्यांकडे मीही टक लावून बघितलं. प्रशांतनं खांद्यावर मडकं घेतलं आणि तुमच्याभोवती उलटे फेरे घातले, तुम्ही डाव्या हाताला. सगळे रडत होते, मीही रडत होते, आणि रडता रडता मनात आलं की भाऊ, आता बघा, दिशा बरोबर आहे. मग स्वतःचीच लाज वाटली. मग वाटलं, लाज कसली, तुम्ही ऐकलं असतं तर तुम्हीच आधी हसला असता.

आता आजचं.

दुपारी प्रशांत मशीन न्यायला दुकानात आला. वहिनी आतल्या दारात बसल्या होत्या. नवरा गेल्यावर सव्वा महिना त्यांनी रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही ही रीत, म्हणून घर आणि दुकान यांच्यामधल्या उंबऱ्यावरच त्या बसतात. प्रशांत मशीन पिशवीत घालू लागला तेव्हा मी पिशवीवर हात ठेवला.

“प्रशांत, वायर मी ओढली नोती.”

तो थांबला. “काकू, आता काय करायचं हाय त्याचं?”

“तुह्या बाबानं मशीन चुकीच्या बाजूनं चालवली. मी सांगत होती, ऐकलं नाई.”

“मेलेल्या माणसावर आळ घेता?”

“जित्या बाईवर घेतला तवा कोणाले काही नाई वाटलं?”

त्याचा चेहरा लाल झाला. अगदी तुमच्यासारखा होतो तो, कानापासून. “म्हणजे माह्या बापाले काम येत नोतं असं म्हणून राह्यल्या तुमी?”

“तुह्या बापासारखं काम या तालुक्यात कोणाले येत नोतं. अन् मशीनची दिशा त्यायले येत नोती. दोनी गोष्टी खऱ्या हायेत. मी त्यायचं नाव कमी करून नाई राह्यली. माह्यं नाव साफ करून राह्यली.”

मग मी त्या बंगईची पट्टी काढली. बिघडलेला काठ कापून ती बंगई नंतर मीच पूर्ण केली होती, तुम्ही दवाखान्यात असताना, आणि कापलेली पट्टी फळ्यांच्या मागे ठेवून दिली होती. कोणीतरी विचारेल म्हणून ठेवली. पाच महिने कोणी विचारलं नाही. प्रशांत कारखान्यात काम करतो, त्याला फार सांगावं लागलं नाही. मी पट्टी टेबलावर ठेवली, तुम्ही कुठे उभे होता ते दाखवलं, मी कुठे होते ते दाखवलं. “मी वायर ओढली असती तर मशीन माह्याकडे आली असती, उजव्या बाजूले. हे दात पाहा, इथून सुरू होतात अन् डावीकडे पळत जातात. मी तिले दूर ढकललं काय, वायरीनं?”

त्यानं बोट फिरवून पाहिलं. ते खड्डे हातभर गुळगुळीत काठानंतर सुरू होतात आणि पुढे पुढे खोल होत जातात. तो म्हणाला, “मंग मले एकदा चालवून दाखवा, बाबा चालवत होते तशी.” मी म्हटलं, “नाई दाखवत. या घरात एकदा झालं तेवढं पुरे.”

तेव्हा उंबऱ्यावरून वहिनी बोलल्या.

“त्यायनं मले सांगतलं होतं.”

आम्ही दोघंही वळलो. त्या खालीच बघत होत्या. “दवाखान्यातून आले त्याच दिवशी. म्हणे, वनिताचा काही कसूर नाई. दिशा तिचीच बरोबर होती, मीच चुकलो.”

मी पट्टी तिथेच सोडून उंबऱ्यापाशी गेले. “मंग पाच महिने काऊन नाई बोलल्या, वयनी?”

“शपथ घातली होती. म्हणे, बोटं गेली ते गेली, आता मिस्त्रीपण नको जाऊ देऊ.”

भाऊ, त्या क्षणी मला तुमचा फोटो भिंतीवरून काढून विचारावंसं वाटलं की हा कुठला न्याय? आळ घ्यायला चौक आणि कबुली द्यायला स्वयंपाकघर? तुम्हाला माहीत होतं. सगळं माहीत होतं. मी पाच महिने समजत होते की तुम्ही मनाशीही कबूल करत नाही आहात, आणि त्याचं मला वाईट वाटायचं. तुम्ही तर केव्हाच कबूल केलं होतं, फक्त जिचं होतं तिच्यापाशी नाही.

मी वहिनींना म्हटलं, आणि आवाज चढला होता माझा, “मले घरातली माफी नको, वयनी. माह्यं नाव चौकात गेलं. चौकातूनच वापस यायले पाह्यजे. नाई तर घेऊन जा मशीन, अन् मी भी चालली.”

वहिनी भिंतीला हात लावून उठल्या, दुकानातून चालत माझ्याजवळून गेल्या आणि शटरच्या बाहेर पडल्या. प्रशांत म्हणाला, “माय, कुठी चालली? अजून सव्वा महिना नाई झाला!” त्यांनी मागे पाहिलं नाही. डोक्यावरचा पदर सारखा करून सरळ टपरीपाशी गेल्या. तिथे सात-आठ माणसं होती, सगळी उठून उभी राहिली. बाई अशा दिवसांत रस्त्यावर आली म्हणून कोणाला काय करावं ते सुचेना.

“आयका,” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मला दुकानात ऐकू आला. “देवाजीची बोटं वनितानं नाई घालवली. त्यायनं सोता मशीन चुकीच्या बाजूनं चालवली. मले सोताच्या तोंडानं सांगून गेले. शपथ घातली होती, आज मोडली. आता ज्याले वनिताले काही बोलाचं असन, त्यानं आधी माह्यापाशी याचं.”

टपरीवाल्याच्या हातातली किटली तशीच राहिली.

प्रशांत चारच्या बसनं भद्रावतीला गेला. माझ्याशी बोलला नाही, पण पिशवी रिकामी घेऊन गेला. मशीन टेबलावर आहे. उद्या सकाळी मी पदर खोचून ती चालू करीन, फळीभोवती उलटी फिरीन, आणि ज्याला अपशकुन वाटेल त्यानं खुशाल डोळे मिटून घ्यावेत. वायर धरायला कोणी नाही. तिथे मात्र तुमची आठवण येईल, ते लिहून ठेवते, कारण तुमच्यासारखी ढिली वायर आता मला कोण देणार?

माफ केलं असं मात्र लिहिणार नाही. तुमच्या फोटोसमोर खोटं बोलायची माझी तयारी नाही, आपल्या दोघांत एक जण बोलला तेवढं बस झालं.

वहिनी परतल्या आणि मी त्या ज्या वाटेनं गेल्या तिच्याकडे बघत उभी राहिले. शटरपासून टपरीपर्यंत पन्नास पावलंही नाहीत, भाऊ. इतके महिने तुम्ही रोज सकाळी ती चालत गेलात, चहा पिऊन परत आलात, आणि एवढं एक वाक्य तुमच्याच्यानं तिथवर नेलं गेलं नाही. वहिनी अनवाणी गेल्या आणि सांगून आल्या.